कारखान्याच्या फाटकावरचा शब्दकोश



वसंत ऋतूत लोकांसाठी व्याख्याने भरविण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घातली आणि पुढे ती महाराष्ट्रात गावोगाव पसरली. अशा व्यासपीठावरून बोलण्याचे आमंत्रण आले, तेव्हा आम्हांला प्रथम वाटले की पत्ता चुकला असावा. आमची व्याख्याने आजवर झाली ती कारखान्याच्या फाटकासमोर, दोन पाळ्यांच्या मधल्या वीस मिनिटांत, उभ्याने, आणि श्रोत्यांच्या मागे पोलिसांची गाडी उभी असताना. येथे श्रोते खुर्च्यांवर बसलेले आहेत, पोलीस नाहीत, आणि वेळ चांगला तासाभराचा आहे. इतक्या सुखसोयींची आम्हांला सवय नाही. तेव्हा काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

चिटणीसांनी आम्हांला विषय सुचविला होता ‘नव्या कामगार संहिता’. विषय चांगला आहे, पण उन्हाळ्याच्या दिवसांत आधीच घशाला कोरड पडलेली असते. तीत आणखी कलमांची भर कशाला? आम्ही म्हटले, आम्ही शब्दांवर बोलतो. म्हणजे हल्ली पोरे जे गमतीचे नवे शब्द बोलतात, जुन्या शब्दांना जे नवे अर्थ चिकटवतात, त्यांच्यावर. चिटणीस थोडे गप्प झाले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे थट्टेचा विषय का?’’ थट्टेचा तर आहेच. पण थट्टा कोण करतो, कोणाची करतो आणि केल्यावर पुढे काय होते, हे पाहिले तर विषय वाटतो तितका हलका नाही, एवढेच आज आम्हांला सांगायचे आहे.

आम्ही भाषापंडित नाही. आमचे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचे आजतागायत कोणी जाहीर केलेले नाही. त्या वेळी आम्ही बारा वर्षांचे होतो. घर गावी गेले, सातवी झाली आणि शाळा संपली. पुढचे शिक्षण झाले ते पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात मदतनीस म्हणून मशीनवर उभे राहून, आणि संध्याकाळी नगरवाचनालयात. वाचनालयात दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे जाडजूड खंड होते. ते घरी नेता येत नसत. म्हणून तिथेच बसून आम्ही ते चाळीत असू, आणि आपल्या रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द त्यांत सापडला की ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखा आनंद होई.

तिथेच आम्हांला कळले की आमच्या धंद्यातले निम्मेअधिक शब्द पाहुणे आहेत. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. ‘मिस्त्री’ही तिकडचाच. ‘मजूर’ फारसी, ‘हमाल’ आणि ‘मुकादम’ अरबी. कोणी विद्वान बसून हे शब्द भाषेत आणीत नाही. काम येते, मालक येतो, त्याच्यामागून शब्द येतो. आणि काम करणारा माणूस तो शब्द आपल्या जिभेला बसेल असा घासून घेतो. गिरणीत सूत काढण्याच्या एका यंत्राला इंग्रजीत थ्रॉसल म्हणत. आमच्या लोकांनी त्याचे ‘त्रासन’ केले आणि त्या खात्याचे नाव ‘त्रासन खाते’ पडले. त्या खात्यात उकाडा, कापसाची किसर आणि आठ तासांची पायपीट. इंग्रजी नावात जे नव्हते ते मराठीने त्यात घातले. याला अपभ्रंश म्हणावे की सुधारणा, हे त्या खात्यात काम केलेल्याला विचारावे.

धंद्याची म्हणून वेगळी भाषा करण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्या-दलालांची नंदभाषा होती. तिच्यात एकाला ‘केवली’, तिनाला ‘उधानू’, पाचाला ‘मुळू’ आणि रुपयाला ‘भुरका’ म्हणत. गिऱ्हाईक समोर उभे असताना भाव ठरे आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. गुरांच्या बाजारात तर तोंडही उघडत नाहीत. उपरण्याखाली बोटे दाबून सौदा होतो. पुढे मुंबईच्या गुन्हेगारी जगाने लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणायला सुरुवात केली. यातला खोका इतका मोठा झाला की २०२२ साली तो घोषणेतून थेट विधानभवनाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. भुरक्यापासून खोक्यापर्यंत आपण केलेली ही प्रगती आहे.

आता आमच्या फाटकावर या.

जादा वेळच्या कामाला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘ओटी’ म्हणतात. मराठी कानाला ओटी म्हटल्यावर दुसरे काय आठवणार? म्हणून पोरे एकमेकांना विचारतात, ‘‘काय रे, आज ओटी भरली का?’’ लेकीची ओटी खणानारळाने भरतात, याची चार तासांनी भरते. १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा कामाची मजुरी दुप्पट दराने ठरवून दिली होती. पण एका ठिकाणी ओटी रोज भरे आणि मजुरी मात्र एकेरीच मिळे. तिथला एक पोरगा म्हणाला, ‘‘भाऊ, आमची ओटी नुसत्या तांदळाची. नारळ नाही.’’ शेजारचा त्याला म्हणाला, ‘‘नारळ मागायला जा, म्हणजे नारळच मिळेल!’’ नोकरीतून काढणे म्हणजे नारळ देणे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कायद्याचे एक कलम आणि ते मागण्याची भीती, दोन्ही त्या पोराने एका वाक्यात सांगितली. आम्हांला तेवढ्यासाठी अर्धा तास बोलावे लागले असते.

आद्याक्षरांचा तर आमच्या लोकांनी नवा कोशच केला आहे. ‘पी. एफ.’ म्हणजे ‘परत फिरा’. कारण कागद घेऊन गेले की एक सही कमी निघते. ‘एच. आर.’ म्हणजे ‘हसत रवानगी’. ‘व्ही. आर. एस.’ म्हणजे स्वेच्छानिवृत्ती हे झाले सरकारी मराठी. फाटकावरचे मराठी असे की ‘वेळीच राजीनामा सोपवा’. ज्यांनी ती योजना घेतली आहे त्यांनीच सांगावे की स्वेच्छा कोणाची होती आणि निवृत्ती कोणाची.

कोणाला वाटेल, ही कळकट कपड्यांतली भाषा. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत असे नसेल. तिथेही आमचे येणेजाणे आहे, कारण संकटात सापडला की संगणकावर काम करणारा अभियंताही रात्री हळूच युनियनवाल्याला फोन करतो. तिथे हाताला काम नसलेल्या माणसाला ‘बेंचवर’ आहे असे म्हणतात. आमच्या वेळी शिक्षक चुकलेल्या पोराला बाकावर उभे करीत. इकडे न चुकलेल्याला बाकावर बसवितात, फरक एवढाच. वर्षाकाठी कामाची परीक्षा होते आणि सर्वांना घंटेच्या आकाराच्या आलेखात कोंबतात. म्हणजे थोडे उत्तम, पुष्कळ मध्यम आणि थोडे नालायक निघालेच पाहिजेत, मग सगळ्यांनी उत्तम काम केलेले असो. त्या दिवशी कोणी विचारले, ‘‘काय मिळाले?’’ की उत्तर येते, ‘‘घंटा!’’ शब्द जरा चावट आहे, सभ्य श्रोत्यांनी क्षमा करावी. पण शास्त्रीय दृष्ट्या इतके अचूक भाषांतर आम्ही दुसरे पाहिले नाही.

राजीनामा देण्याला ते ‘पेपर टाकणे’ म्हणतात. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचा मुलगा फोनवर आईला सांगत होता, ‘‘मी काल पेपर टाकला.’’ माऊलीने डोळ्याला पदर लावला. एवढा शिकून मुलगा पहाटे उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकतो, असे तिला वाटले. आणि ‘सीटीसी’ म्हणजे कंपनीला माणूस वर्षाला कितीला पडतो तो आकडा. त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, विमा, सगळे धरलेले असते. पोरांची व्याख्या याहून सोपी आहे: स्थळ बघायला आल्यावर सांगतात तो पगार सीटीसी, आणि लग्नानंतर बायकोला कळतो तो खरा.

हे सर्व ऐकून आपण हसलात. आम्हीही हसतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शब्दांचे अर्थ बदलण्याचा हा खेळ आमच्या पोरांनी सुरू केलेला नाही. तो वरून सुरू झाला.

कंपनीच्या भिंतीवर पाटी असते, ‘आपण एक परिवार आहोत’. परिवारातून माणसाला महिन्याच्या नोटिशीवर काढता येत नाही, ही साधी गोष्ट पाटी रंगविणाऱ्याला कोणी सांगितलेली दिसत नाही. तीन तीन वर्षे मशीन चालविणाऱ्याला ‘शिकाऊ’ म्हणतात. आणि शिकवितो कोण, तर तोच, कारण नव्या पोराला त्याच्याच हाताखाली देतात. माणसे कमी करण्याला ‘योग्य आकार देणे’ म्हणतात, जणू गणपतीची मूर्ती घडवायची आहे. घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या मुलाला ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार, म्हणतात. अपघात झाला, गाडी मोडली, पेट्रोल महागले, तर तोट्यात तो शंभर टक्के भागीदार असतो. नफ्याच्या वेळी मात्र ही भागीदारी कोणत्या वहीत लिहितात, ते आम्हांला अजून सापडलेले नाही.

सरकारही यात मागे नाही. आम्ही चळवळीतली माणसे ‘टाळेबंदी’ हा शब्द एका अर्थाने जाणीत होतो: मालकाने कारखान्याला कुलूप लावून कामगारांना बाहेर ठेवणे. २५ मार्च २०२० पासून तोच शब्द सबंध देशाला लागला. या टाळेबंदीत माणसे घरात कोंडली होती, आणि ज्यांना घर नव्हते ती रस्त्याने गावाकडे चालत होती. एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराने आम्हांला विचारले, ‘‘टाळेबंदी सरकारने केली, तर वाटाघाटी कोणाशी करायच्या?’’ आम्हांला उत्तर देता आले नाही.

तात्पर्य, ज्याच्या हातात नेमणूकपत्र लिहिण्याची लेखणी आहे, तो शब्दाला हवा तो अर्थ लावतो आणि त्याच्या अर्थाला शिक्का बसतो. ज्याच्या हातात काही नाही, तो आपला अर्थ चहाच्या टपरीवर लावतो आणि त्याला हशा मिळतो. हा हशा म्हणजे शहाणपण आहे. ‘आम्हांला कळते बरे का’ असे बजावणे आहे. इतकी वर्षे आम्ही असेच मानीत होतो. त्यात आमची एक मोठी चूक झाली, ती आज येथे सांगायची आहे.

आमच्या पट्ट्यात एका कारखान्यात हंगामी पोरांना सात महिन्यांसाठी घेत. सातच का? तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याची नोकरी सलग मानली, आणि सलग नोकरी म्हटली की कामगाराचे काही हक्क उभे राहतात. सात महिने म्हणजे दोनशे दहा दिवस. गणित पक्के. सातवा महिना भरला की ‘ब्रेक’ द्यायचा; थोड्या आठवड्यांनी दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाने, नव्या ओळखपत्रावर, त्याच पोराला त्याच मशीनवर उभे करायचे. हा प्रकार पुष्कळ वर्षे चालला होता.

सातव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सोबती त्याला फाटकाबाहेर चहा-वडापाव देत. त्याला पोरांनी नाव ठेवले होते ‘डोहाळजेवण’. सातव्या महिन्यातले म्हणून डोहाळजेवण! नवे कार्ड मिळाले की ‘सुखरूप बाळंत झाला’. नाही मिळाले तर ‘माहेरी गेला’. आम्हांला हा शब्द इतका आवडला की दोन वर्षे प्रत्येक फाटकसभेत आम्ही तो सांगत होतो. हटकून हशा येई. हशा आला की आम्हांला वाटे, सभा जिंकली.

एके दिवशी सभा संपल्यावर एक तरुण मोटारसायकल धरून तसाच उभा राहिला. आम्ही विचारले, ‘‘काय रे?’’

तो म्हणाला, ‘‘भाऊ, ते डोहाळजेवणाचं आता सांगत जाऊ नका.’’

‘‘का? लोक तर हसतात.’’

‘‘परवा घरात खरंच आहे. बायकोला सातवा लागलाय. आणि माझाबी सातवा शनिवारी भरतोय. सासू गावाहून यायची आहे. तिला काय सांगू?’’

आम्हांला काही सुचेना. काहीतरी विचारायचे म्हणून आम्ही विचारले, ‘‘किती वर्षे झाली इथे?’’

‘‘पाचवं.’’

‘‘मग जुनी कार्डे असतील ना? पगाराच्या चिठ्ठ्या?’’

तो म्हणाला, ‘‘ती कशाला ठेवू? नवं मिळालं की जुनं टाकून देतो. तुम्ही कुठं कधी सांगितलं ठेवा म्हणून?’’

श्रोतेहो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. १९७१ साली महाराष्ट्राने अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कायदा केला. कायमपणाचे हक्क बुडविण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे त्याच्या चौथ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले. पण कोर्ट पुरावा मागते. वर्षानुवर्षे काम केल्याचा या पोरांकडचा पुरावा म्हणजे ती रंग बदलत गेलेली कार्डे आणि त्या चिठ्ठ्या. आम्हांला कायद्याचे कलम पाठ होते, पोरांचा विनोद पाठ होता, आणि ‘कार्डे जपून ठेवा’ हे तीन शब्द दोन वर्षांत आमच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. आम्ही त्यांच्याबरोबर हसत राहिलो आणि त्यांचा पुरावा कचऱ्यात जात राहिला. यात दोष कारखानदाराचा होता, कंत्राटदाराचा होता, हे खरेच. पण एवढा एक दोष आमचा होता.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही फाटकावर एकच गोष्ट सांगू लागलो: एक प्लॅस्टिकची पिशवी घ्या आणि तिच्यात प्रत्येक कार्ड, प्रत्येक चिठ्ठी, डब्याचे कूपनसुद्धा ठेवा. पहिले काही दिवस कोणी मनावर घेतले नाही. मग त्यांच्यातल्याच एका खोडकर पोराने त्या पिशवीला नाव दिले ‘कुंडली’. झाले! ‘‘तुझी कुंडली आहे का?’’ ‘‘माझी कुंडली पाच वर्षांची.’’ ‘‘कुंडलीत ब्रेकचा योग आहे.’’ आमच्या भाषणांनी जे झाले नसते ते त्या एका शब्दाने महिन्याभरात केले. तक्रार दाखल झाली. वर्षे गेली, तारखा पडल्या. शेवटी तडजोड झाली आणि ज्यांची कुंडली पुरी होती त्यांपैकी काही जण कायम झाले. मोटारसायकल धरून उभा राहिलेला तो तरुण त्यांत नव्हता. त्याची पहिली चार वर्षे कचऱ्यात गेलेली होती. तो आता त्याच मोटारसायकलवरून लोकांची जेवणे पोहोचवितो. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, ‘‘भाऊ, आता मी पार्टनर झालो.’’ हसला. आम्ही त्या दिवशी हसलो नाही.

तेव्हापासून आम्ही शब्दांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. टपरीवरचा शब्द टपरीवरच विरतो असे नाही. ‘बदली’चेच उदाहरण घ्या. गैरहजर माणसाच्या जागी दाराशी उभा राहून काम मागणारा तो बदली. हा आमच्या गिरण्यांतला रोजचा शब्द. इंग्रजी कायदा लिहिणाऱ्यांना त्याला प्रतिशब्द सापडला नाही, म्हणून आत्ता सांगितलेल्या १९७१ च्या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात तो जसाच्या तसा बसला. बंगालमध्ये कामगार व्यवस्थापकाला वेढा घालून बसू लागले, त्याचा १९६७ साली फार बोलबाला झाला. ‘घेराव’ म्हणजे नक्की काय हे कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाला ठरवावे लागले आणि इंग्रजांच्या कोशातही तो शब्द गेला. आणि माथाडी! डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मुंबईच्या बाजारांतला हा शब्द कोणा प्रतिष्ठित माणसाने स्वतःला लावून घेतला नसता. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्या लोकांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला त्याचे नावच माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा. मंडळे झाली, नोंदणी झाली, एका मालकाकडे नोकरी नसलेल्या माणसालाही निधी आणि रजेचा पगार मिळू लागला. ज्या शब्दाने हाका मारीत, त्याच शब्दावर शिक्का बसला. शब्द तोच होता. त्याच्यामागे माणसे उभी राहिली, एवढाच फरक.

आज हीच परीक्षा ‘गिग’ या शब्दाची आहे. मूळ हा वाजंत्र्यांचा शब्द. एका रात्रीच्या कार्यक्रमाचे बोलावणे. आपल्याकडे तमाशाच्या फडाला, बँडवाल्याला ‘सुपारी’ देतात, तीच ही. म्हणजे गिग कामगार हा सुपारीवरचा कामगार. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात असे ७७ लाख लोक २०२०-२१ साली देशात होते असा अंदाज आहे, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असे म्हटले आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हा शब्द कायद्यात घातला आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या कंपन्यांनी आपल्या उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग या लोकांच्या सुरक्षेसाठी द्यावा असे तीत आहे. चांगली गोष्ट आहे, आम्ही स्वागत करतो. पण त्याच व्याख्येत असेही आहे की हा माणूस मालक-नोकर या नेहमीच्या नात्याच्या बाहेर काम करतो. म्हणजे ताटात वाढले, पण पंगतीत बसविले नाही.

लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उबर कंपनीच्या चालकांचा खटला गेला होता. कंपनीचे म्हणणे, हे स्वतंत्र धंदेवाले आहेत, करारात तसे लिहिले आहे. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले की करारातला शब्द पाहून चालणार नाही, काम कसे चालते ते पाहिले पाहिजे. भाडे कंपनी ठरविते, अटी कंपनी ठरविते, चालकावर नजर कंपनी ठेवते. तेव्हा हे कामगारच. किमान वेतन आणि भरपगारी रजा त्यांना मिळाली पाहिजे. आमची पोरे टपरीवर दुसरे काय म्हणत होती? शब्दाचे वेष्टन काढा आणि आतला माल पाहा, एवढेच ना?

आता शेवटचा शब्द सांगतो आणि आपली रजा घेतो. काम बंद पाडण्याला इंग्रजीत स्ट्राइक म्हणतात. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी जहाजांची शिडे उतरविली, त्यावरून तो शब्द आला. आपण त्याला ‘संप’ म्हणतो. आम्हांला पुष्कळ वर्षे वाटे, संप म्हणजे काहीतरी संपणे. आमच्या घरात तर तसेच झाले होते. शाळा संपली, मुंबई संपली. पुढे एका गुजराती सहकाऱ्याने सांगितले की त्यांच्या भाषेत ‘संप’ म्हणजे एकोपा. घरात संप आहे म्हणजे सर्व गुण्यागोविंदाने आहेत. शब्द एकच. आपण कामाच्या बंद होण्याकडे पाहिले, त्यांनी माणसांच्या एक होण्याकडे. आमच्या वडिलांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘हे तेव्हा कळायला पाहिजे होतं.’’

आपण सर्व सुशिक्षित नागरिक आहात. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी रोज कोणीतरी पार्टनर जेवणाची पिशवी घेऊन येतो, कोणाचा मुलगा बाकावर बसला आहे, कोणाच्या सुनेने पेपर टाकला आहे. त्यांचे विनोद जरूर ऐका, हसा. हसू ही हक्काची रजा आहे. पण रजा संपल्यावर एवढे मात्र त्यांना विचारा, ‘‘बाबा रे, तुझी कुंडली जपून ठेवली आहेस ना?’’ आम्ही ते विचारायला दोन वर्षे उशीर केला. आपण करू नये.